साडूंनी केलं म्हणून

आमच्या घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला जेवढा वेळ घ्यायचा तेवढ्या वेळात माझी दाढी होत असे. बटण दाबायचं, आत जाऊन दाढी करायची, तोंड पुसत बाहेर यायचं, तर हा नुकताच डोळे उघडून बसलेला. आमचं छान चाललं होतं. हल्ली मात्र तो उठल्या उठल्या एक सूचना दाखवू लागला होता. 'तुमची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली आहे. नवी टाकायची का?' खाली दोन बटणं, एक 'आता' आणि एक 'नंतर'. मी रोज नेमाने 'नंतर' दाबत असे. यात आळस नव्हता. दारात आलेल्या अनोळखी माणसाशी आपण आधी साखळी लावूनच बोलतो, तसंच हे. कॉम्प्युटरलाही त्याचं काही वाटत नसावं, कारण दुसऱ्या दिवशी तो तितक्याच नम्रपणे पुन्हा विचारायचा.

हा आमचा आपसातला मामला होता. त्यात साडूंनी नाक खुपसलं. साडू म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. वयाने माझ्याहून धाकटे, आवाजाने थोरले. दोन गल्ल्या सोडून राहतात, त्यामुळे येण्याआधी फोन करायची पद्धत नाही. एका संध्याकाळी दोघं आले, चहा अजून व्हायचा होता, आणि साडू सरळ माझ्या कॉम्प्युटरसमोर जाऊन उभे राहिले. सूचना दिसत होतीच.

"साडूभाऊ, अजून जुन्यावरच?"

लोक 'अजून खोकला आहेच का' असं ज्या आवाजात विचारतात, त्या आवाजात त्यांनी हे विचारलं.

"बघू. घाई काय आहे," मी म्हणालो.

"मी परवाच केलं. आणि क्लीन केलं. म्हणजे जुना कचरा सगळा साफ. काय पळतो आता, विचारू नका."

मी विचारणार नव्हतोच. पण बायकोने विचारलं. "किती वेळ लागला हो?"

"वेळ कसला? चहा टाकला, प्यायलो, झालं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. बोलली काही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की न बोललेलंच जास्त स्पष्ट ऐकू येतं.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. मला साडूंचा हेवा वाटतो. लोक अशा वेळी 'आदर' वगैरे शब्द वापरतात, मी वापरणार नाही. त्यांनी बाल्कनीला काचा लावल्या तेव्हा मला आमच्या बाल्कनीतला वारा सहन होईना. त्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून चष्मा सोडला, तेव्हापासून माझा चष्मा मला जड लागतो. त्यांचे केस पांढरे होतात तेसुद्धा अशा बेताने, कानाजवळ थोडे थोडे, की माणूस कुठलातरी मोठा अधिकारी वाटावा. माझे गेले ते सरळ गेलेच. आणि या सगळ्यावर आमच्या घरात एकच वाक्य ठरलेलं आहे, "त्यांना जमतं बाई सगळं." त्यातल्या 'त्यांना'वर जो जोर असतो तो माझ्या जागी बसल्याशिवाय कळायचा नाही.

पण एका बाबतीत मी साडूंच्या वर होतो, आणि ती बाब म्हणजे आमचे सासरे. आम्ही सगळेच त्यांना बाबा म्हणतो. बाबांची उभी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. त्यांना आपल्या आठवणींचं पुस्तक करायचं आहे, छोटंसं, घरातल्यांना वाटण्यापुरतं. दर रविवारी सकाळी ते आमच्याकडे येतात, कॉम्प्युटरशेजारच्या वेताच्या खुर्चीत बसतात, डोळे मिटतात आणि सांगू लागतात. मी टाइप करतो. मराठी टायपिंग मी एका जुन्या सॉफ्टवेअरवर शिकलो, त्याचा कीबोर्ड वेगळा आणि फॉन्टही त्याचा स्वतःचा. साडूंनी आणि मी कॉम्प्युटर जोडीने घेतले तेव्हा दुकानदाराने ते दोघांच्याही मशीनवर टाकून दिलं होतं. पुस्तकाची प्रकरणं पाण्याचीच आहेत. 'मोठी टाकी', 'फुटलेला पाइप', 'बाजारपेठेतली गळती'. बाबा दर रविवारी माझ्याकडे येतात आणि साडूंकडे जात नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर माझा अख्खा आठवडा निघत असे.

साडूंच्या त्या भेटीनंतरच्या रविवारी बाबा नेमके 'जावई' या प्रकरणावर आले. मी शर्टाची कॉलर सारखी केली.

"लिहा," बाबा म्हणाले. "धाकटे जावई."

थोरल्यापासून सुरुवात केली तर बरं दिसेल, असं मला सुचवायचं होतं. पण टाइप करणाऱ्याने मध्ये बोलू नये, म्हणून गप्प बसलो. धाकटे जावई पहिल्यांदा घरी आले तेव्हा चुकून शेजारच्या घरात शिरले आणि तिथेच चहा पिऊन, गप्पा मारून, ओळख वाढवून मग बाबांकडे आले. बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा गाडी आणली, वाटेत पेट्रोल संपलं, तर हे पायी जाऊन डॉक्टरांनाच गाडीपाशी घेऊन आले. गच्चीवरची टाकी धुवायला म्हणून आत उतरले, आत आवाज छान घुमतो म्हणून गात बसले, आणि खाली इमारतीतली माणसं गोळा झाली. बाबा सांगत होते आणि डोळे मिटल्या मिटल्या हसत होते. मी दात आवळून टाइप करत होतो. पान संपलं, दुसरं लागलं.

मग बाबा थांबले, घोटभर पाणी प्यायले. "आता थोरले," म्हणाले.

मी बोटं मोडून तयार झालो.

"थोरले जावई नियमित आहेत. पूर्णविराम."

मी वाट पाहिली. बाबांनी डोळे उघडले.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे नवं प्रकरण. 'उन्हाळ्यातले टँकर'. ते पुढच्या रविवारी."

बाबा उठून आत चहाला गेले. मी त्या ओळीकडे बघत बसलो. नियमित. विजेचं बिल नियमित येतं. औषधाच्या बाटलीवर लिहितात, नियमित घ्यावे. दर रविवारी माझं वर्तमानपत्र वाचायचं ठेवून मी यांच्या गळत्या टाइप केल्या, आणि माझ्या वाट्याला एक ओळ. आणि ज्यांनी पेट्रोल भरलं नाही त्यांना सव्वा पान. माझी बोटं आपोआप कीबोर्डवर गेली आणि त्या ओळीखाली मी स्वतःच्या मनाचं एक वाक्य लिहिलं. 'धाकट्या जावयांचं म्हणाल तर नुसता आवाज. नळ सोडावा आणि हवाच यावी.'

वाचून पाहिलं. चांगलं उतरलं होतं. पुसायचं होतंच, पण माझ्या हातून चांगलं वाक्य इतक्या क्वचित होतं की लगेच पुसवेना. दोन दिवस बघू आणि मग पुसू, असं ठरवून मी फाइल सेव्ह केली. आणि त्याच भरात दुसरंही ठरवलं. अपग्रेड करायचं. साडूंनी चहात केलं ना, मी चहा निवायच्या आत करून दाखवीन.

ठरवलं म्हणजे लगेच 'आता' दाबलं असं नव्हे. जबाबदार माणूस चार ठिकाणी विचारतो. वरच्या मजल्यावर एक निवृत्त हिशेब तपासनीस राहतात, आधी त्यांच्याकडे गेलो.

"मुळीच करू नका," ते म्हणाले. "माझ्याकडे अजून पहिलीच सिस्टीम आहे. आजवर एकदाही बिघडलेली नाही."

मी त्यांचा कॉम्प्युटर पाहिला. त्याच्यावर दुकानातली प्लास्टिकची पिशवी तशीच होती. ते तो सुरूच करत नाहीत. न वापरल्यामुळे तो उत्तम चालतो हे त्यांचं म्हणणं खोडून काढणं मला जमलं नाही, म्हणून तिथला चहा घेऊन मी खाली उतरलो.

तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. हे गृहस्थ सल्ला द्यायला कधी नाही म्हणत नाहीत.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरचं विचारतोय, डॉक्टर."

"तेच. त्रास आहे का काही?"

"त्रास नाही. हळू आहे जरा."

"मग हात लावू नका."

मी उठलो.

"पण असं बघा," ते म्हणाले, "त्रास सुरू होईपर्यंत थांबलात तर मग वाचवता येत नाही."

मी परत बसलो. "म्हणजे करू?"

"तो निर्णय तुमचा. आलाच आहात तर तोंड उघडा."

त्या भेटीत कॉम्प्युटरचं काही ठरलं नाही, माझ्या दोन दाढांचं मात्र ठरलं.

मग मी ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागात गेलो. मी एका विमा कंपनीत जावक विभागात आहे. कॉम्प्युटर विभाग आमच्याच मजल्यावर, पण काचेच्या खोलीत आणि थंड हवेत. आत कानाला हेडफोन लावलेला एक माणूस असतो. त्याने माझ्याकडे न बघताच विचारलं, "विनंती टाकलीत का?"

"नुसता एक प्रश्न विचारायचा होता."

"प्रश्नाचीच विनंती टाकायची. नंबर येतो. नंबरशिवाय मला बोलता येत नाही."

मी जागेवर जाऊन विनंती टाकली. 'विषय' या रकान्यात 'वैयक्तिक' असं काही नव्हतंच, म्हणून 'प्रिंटर चालत नाही' हे निवडलं. नंबर आला तो आमच्या साहेबांच्या मंजुरीसाठी गेला. साहेबांनी मला बोलावून विचारलं, प्रिंटर चालतोय की. मी म्हटलं, हो, चालतोय. मग तक्रार काय? मी म्हटलं, काही नाही. या सगळ्याचा शेवट असा झाला की आमचा चालता प्रिंटर दुरुस्तीला गेला आणि आमचा विभाग दुसऱ्या मजल्यावर जाऊन छापू लागला. तिथल्या लोकांनी मला नाव ठेवलं 'प्रिंटर'. हेही मी साडूंच्याच खात्यावर टाकलं.

शेवटी मी रजा घेतली. बायको बहिणीकडे गेली होती, घरात शांतता होती. मी काही अगदी अडाणी नाही. आधी बाबांच्या पुस्तकाची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. ते नळाचं वाक्य आठवलं, पण नव्या सिस्टीमवर स्वच्छ मनाने पुसू असं म्हटलं. चहा टाकला आणि 'आता' दाबलं.

कॉम्प्युटरला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच होकार मिळाला होता. त्याला खरं वाटलं नसावं. त्याने विचारलं, 'हा कॉम्प्युटर तुमचाच आहे ना? खात्रीसाठी तुमच्या फोनवर आकडे पाठवले आहेत.' माझ्या फोनवर काही आलं नाही. मी फोन हलवून पाहिला, खिडकीत नेऊन पाहिला. तेवढ्यात तो वाजला. साडू.

"साडूभाऊ, मला एक मेसेज आलाय. तुमचा कॉम्प्युटर विचारतोय, हे खरंच तुम्ही आहात का. काय सांगू त्याला?"

तेव्हा कुठे आठवलं. जोडीने खरेदी झाली त्या दिवशी दुकानदाराने दोन्ही बिलांवर साडूंचाच नंबर घातला होता, कारण दुकानात बोलत तेच होते. पलीकडून मेहुणीचा आवाज आला, "भाऊजी अपग्रेड करतायत?" आणि मग माझ्या बायकोचा, "हे? एकटे?"

साडूंनी आकडे सांगितले, मी टाकले. माझा कॉम्प्युटर माझाच आहे हे साडूंनी मान्य केल्यावर तो पुढे गेला. आता त्याने विचारलं, 'जुनं सगळं ठेवायचं, की पुसून नव्याने सुरुवात करायची?' मी जुनं ठेवणार होतो. देवाशपथ सांगतो, बोट त्याच बटणावर होतं.

"पहिलंच घ्या हं," साडू फोनवर म्हणाले. "दुसरं जरा किचकट असतं. तुम्हाला झेपायचं नाही."

मी दुसरं घेतलं.

चहा प्यायलो. पुन्हा टाकला, तोही प्यायलो. दूध संपलं तेव्हा पडद्यावर अजून एक गोल फिरत होता. मी त्याच्याकडे बघत बसून राहिलो. दुपार कलली तेव्हा एकदम निळंशार काहीतरी उगवलं आणि कॉम्प्युटरने माझं स्वागत केलं. खरंच सुरेख होता. मी तो बंद करून पुन्हा सुरू केला, तर दाढीचा ब्रश ओला व्हायच्या आत हा तयार. बायको आली तेव्हा मी मुद्दाम दारातूनच म्हटलं, "क्लीन केलं."

"जमलं?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जे आश्चर्य होतं ते मी तेवढ्यापुरतं कौतुक म्हणून घेतलं.

मग मी पेन ड्राइव्ह लावला आणि बाबांची फाइल उघडली.

पानभर मुंग्या. इंग्रजी अक्षरं, टक्क्यांची चिन्हं, कंस, वर छत्र्या, मध्येच एखादा प्रश्नचिन्हांचा ताफा. मोठी टाकी गेली, फुटलेला पाइप गेला. मी फाइल बंद केली, उघडली, चष्मा पुसला. हळूहळू उजेड पडला. मी फाइल जपून ठेवली होती, पण ती ज्या फॉन्टमध्ये लिहिलेली होती तो फॉन्ट आणि ते जुनं सॉफ्टवेअर मी स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं. मी कागद सांभाळले होते आणि अक्षरं फेकून दिली होती. हे आपल्याला क्लीन म्हणून कोणी सांगितलं होतं ते आठवलं आणि मला साडूंचा पुन्हा नव्याने राग आला.

माळ्यावरून सॉफ्टवेअरची जुनी सीडी काढली, पुसली, घातली. नव्या सिस्टीमने ती वास घेतल्यासारखी फिरवली आणि सांगितलं, हे इथे चालणार नाही. सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या बाईंचा आवाज फार गोड होता.

"नवीन मराठी फॉन्ट आहेतच ना, सर."

"हो, पण जुनं लिहिलेलं वाचता येत नाही."

"मग ते परत लिहून घ्या ना, सर."

"ते माझ्या सासऱ्यांचं आयुष्य आहे."

"हो सर. अजून काही मदत करू का?"

त्यातच मला ते वाक्य आठवलं. एवढ्या मुंग्यांत ते कुठेतरी बसलं होतं. शोधायच्या चौकटीत मी 'नळ' टाइप केलं. कॉम्प्युटर म्हणाला, काही सापडलं नाही. म्हणजे वाक्य होतंही, आणि पुसता येत नव्हतं. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही, बायकोला मी दाढांचं कारण सांगितलं.

रविवारी बाबा आले. वेताच्या खुर्चीत बसले, डोळे मिटले. "मागचं थोडं वाचा," म्हणाले. "मग टँकर घेऊ."

मी म्हटलं, बाबा, आज जरा अडचण आहे. बाबांनी डोळे उघडले, पुढे झाले आणि पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"हे कुठल्या भाषेत आहे?"

"आपल्याच."

"ही गळती वाटतं," ते एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले. मग हसले, पण हसणं पूर्ण झालं नाही. खुर्चीत मागे टेकले. "जाऊ द्या. कोण वाचणार होतं म्हणा."

मला फार वाईट वाटलं. हेवा वगैरे सगळं बाजूला राहिलं. त्या खुर्चीत दर रविवारी उन्हं पायाशी येईपर्यंत हा माणूस एकेक पाइप आठवून सांगत होता आणि मी ते सगळं साडूंची बरोबरी करायला म्हणून घालवून बसलो होतो. मी बाबांना म्हणालो, काहीतरी करतो. काय ते मला माहीत नव्हतं.

बायकोने तोपर्यंत बहिणीला फोन लावलाही होता. मेहुणीचा आवाज मला जागेवर बसल्या बसल्या ऐकू आला. "अगं, मग इकडे या ना. आमचा जुना आहे की बाल्कनीत. हे रोज त्याच्यावरच तर बसतात."

पलीकडे साडू काहीतरी म्हणाले. ते ऐकू आलं नाही, पण नेहमीचा आवाज नव्हता.

आम्ही चौघं निघालो, म्हणजे बाबा, बायको, मी आणि पेन ड्राइव्ह. वाटेत मी पेन ड्राइव्ह घरी विसरल्याचं आठवून पाहिलं. बायकोने पर्स उघडून दाखवली. तिथे तो होता.

साडूंच्या दिवाणखान्यात नवा कॉम्प्युटर होता. शेजारी फुलदाणी. आणि काचा लावलेल्या त्या बाल्कनीत, जुन्या चादरीखाली, माझ्या कॉम्प्युटरचा जुळा भाऊ. खुर्चीवर बसून बसून चपटी झालेली उशी, बाजूला चहाच्या कपाचे गोल डाग.

"तो बाहेरचा पाहुण्यांसाठी," साडू माझ्याकडे न बघता म्हणाले. "त्याच्यावर मला काही सापडतच नाही हो. काम सगळं इथेच."

म्हणजे क्लीन वगैरे काही झालंच नव्हतं, नुसता नवा आणून ठेवला होता. हा क्षण माझा होता. मी किती वर्षं याची वाट पाहिली होती. पण त्या पेन ड्राइव्हमध्ये काय आहे ते मला ठाऊक होतं, त्यामुळे सुखाचा एक घाससुद्धा घशाखाली उतरेना.

कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागला. तेवढ्यात दाढी झाली असती. मग फाइल उघडली आणि अक्षरं दिसली, काना मात्रेसकट. बाबा पुढे झाले. त्यांचा हात साडूंच्या खांद्यावर होता. "वाचा," ते म्हणाले. "शेवटचं वाचा. कुठे होतो आपण?"

"मी वाचतो," मी घाईने म्हणालो.

"तुम्ही बसा साडूभाऊ, दमला असाल," साडू म्हणाले. खुर्ची त्यांची होती, माउस त्यांच्या हातात होता.

ते वाचू लागले. शेजारचं घर, पेट्रोल, टाकीतलं गाणं. स्वतःबद्दल वाचताना त्यांचा तो थोरला आवाज बारीक होत गेला. मेहुणी हसत होती, बायको हसत होती. मी पंख्याकडे बघत होतो. बाल्कनीत पंखा नव्हता हे मला मागाहून कळलं.

"थोरले जावई नियमित आहेत," साडूंनी वाचलं. आणि थांबले.

ते पुढची ओळ वाचताहेत हे मला त्यांच्या मानेवरून समजलं. तिथून पळायला एकच दार होतं आणि त्यात माझी बायको उभी होती.

साडूंनी घसा साफ केला. "थोरले जावई नियमित आहेत," त्यांनी पुन्हा वाचलं, "आणि धाकट्यांनी त्यांच्याकडून शिकावं असं पुष्कळ आहे."

बाबांच्या कपाळाला आठी पडली. "हे दुसरं मी सांगितलं?"

"सांगितलं असेल," साडू म्हणाले. "इथे लिहिलंय."

"काढून टाका. उगाच पाल्हाळ. नियमित म्हटलं की सगळं आलं." बाबा माझ्याकडे वळले. "अहो, उभ्या नोकरीत मी हा शब्द एकदाच रिपोर्टात लिहिला होता. मोठ्या टाकीच्या मुख्य व्हॉल्व्हबद्दल. त्याच्यावर लिहायला दुसरं काही नव्हतंच. कधी चुकलाच नाही."

"आणि माझ्यावर सव्वा पान आहे ते, बाबा?" साडूंनी विचारलं.

"जिथे गळती जास्त तिथला रिपोर्ट मोठा होतो," बाबा म्हणाले आणि त्यांच्या पाठीवर थाप मारून हसले. साडूही हसले, पण जरा उशिरा. त्यांनी ती ओळ निवडली आणि पुसली. बाबांना वाटलं त्यांचंच वाक्य गेलं. खरं कुठलं गेलं ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

यापुढे रविवारची बैठक त्या बाल्कनीत भरायची असं ठरलं. टाइप मीच करायचं, खुर्ची साडूंची, चपट्या उशीसकट. निघताना बाबा आणि बायको पुढे उतरले. साडू मला सोडायला जिन्यापर्यंत आले. माफी मागायची तर कुठून सुरुवात करावी याची मी मनात जुळवाजुळव करत होतो.

"बाकी तुमचं बरंय," साडू म्हणाले. "मी सव्वा पान, पण तुम्ही व्हॉल्व्ह."

मी चप्पल शोधू लागलो.

"आणि साडूभाऊ, नळातून हवा येते ना, ती पाणी यायच्या आधी येते. बाबांना विचारा."

एवढं बोलून त्यांनी माझा चष्मा कोपऱ्याशी वाकडा झाला होता तो सरळ केला आणि ते आत गेले.

घरी जाताना मी सगळ्यांच्या मागे रेंगाळत चालत होतो. बायकोने विचारलं, दाढा दुखताहेत का. मी हो म्हणालो. बाबांचं 'नियमित' मला लाखाचं वाटत होतं, पण डोक्यात घोळत होतं ते साडूंचं ते वाक्य. माझ्या नळाच्या वाक्यापेक्षा ते किती चांगलं होतं, आणि ते त्यांना उभ्या उभ्या, जिन्यात सुचलं होतं.